नानांचे डबे

रविवारी सकाळी आईने माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. म्हणाली, "नानांचा आहे, देऊन ये. आज हॉटेल उघडतंय."

नाना म्हणजे जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेवभाजीचं हॉटेल चालवायचे ते. लॉकडाऊनआधी पार्सल हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा... शेव रश्शात पडली की लगेच खायची, घरी नेईस्तोवर तिचा लगदा होतो, हे त्यांचं ठाम मत. पार्सल मागणाऱ्याला ते सरळ बाक दाखवायचे.

मग नियम आला, फक्त पार्सल! नानांची पुरती गोची झाली. उकळता रस्सा प्लास्टिकच्या पन्नीत ओतायला जीव होईना, म्हणून ते हॉटेलचे डबेच गिऱ्हाइकांना देऊ लागले. शेवेची पुडी वेगळी, आणि वर दम... घरी जाऊनच टाकायची!

पण नुसत्या पार्सलवर हॉटेल कुठवर तगणार? दुसऱ्या लाटेत नानांनी जागा सोडली आणि बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, घेऊन सावद्याला मेव्हण्याच्या केळीच्या बागेत कामाला लागले. डबे राहिले आमच्या गल्लीत घरोघरी. आमच्या डब्यात आई मेथीदाणे ठेवायची आणि बुडावर कोरलेलं नानांचं नाव बघून हळहळायची.

आता इतक्या वर्षांनी ते परत आले, जुन्या जागेशेजारीच एक छोटा गाळा घेऊन...

रिकामा डबा परत द्यायची आपल्याकडे रीत नाही. आईने त्यात नुकताच केलेला काळा मसाला भरला होता. ज्यांच्या मसाल्यासाठी लोक भुसावळहून यायचे त्यांनाच मसाला! मी हसले, पण डबा घेऊन गेले.

नाना दारातच उभे होते, अस्वस्थ. आत रस्सा म्हणाल तर एक लहानसं पातेलं. अक्का हळूच म्हणाल्या, "सकायपासून म्हनी ऱ्हायनात, आते कोन येई? बठ्ठा ईसरी ग्यात. मसालाबी एकच पातेलापुरता कया."

कोण येई? सगळे विसरले? अहो, बाराच्या आत सगळी गल्ली लोटली. पातेलं खरवडून झालं, बाकं भरलेली, आणि एकाच पातेल्यापुरता केलेला मसाला संपलेला. दुसऱ्याचा मसाला वापरणं म्हणजे नानांच्या लेखी धर्म बुडाला! गिऱ्हाईक परत पाठवायची वेळ आली होती.

तेवढ्यात अक्कांनी लोकांनी परत आणून गल्ल्यापाशी ठेवलेले डबे उघडायला घेतले. पहिल्यात काळा मसाला. दुसऱ्यात काळा मसाला... एकात तेवढे केळीचे वेफर्स, बाकी सगळीकडे मसालाच! उन्हाळ्यात घरोघरी तोच तर होतो.

अक्का हसत सुटल्या. नानांनी मात्र एक डबा उचलून बुडावरचं आपलं नाव चाचपलं. "इतला दिन जपी ठेवात तुम्ही?" म्हणाले. मग मोठं पातेलं चढवलं आणि साऱ्या घरांचा मसाला एकत्र त्यात घातला.

खरं सांगू? रस्सा नानांच्या चवीचा नव्हता. जरा जास्त तिखट, आणि कुणाच्या तरी घरचं दगडफूल अंमळ पुढे गेलेलं... मी दोनदा मागून घेतला.

निघाले तर नानांनी आमचा डबा धुऊन, रस्सा भरून हातात ठेवला. शेवेची पुडी वेगळी. मी न मागता, चक्क पार्सल!

म्हणजे डबा परत द्यायला पुन्हा जावं लागणार... देवा, तो असाच जात-येत राहू दे.