दिवाकरच्या कानातला ठोका

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या एका हॉलमध्ये स्पीकर तपासत होतो. संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता, तो दुपारी घाटंजीहून येणार होता. फोनवर मंदावहिनी, त्याची बायको. "भाऊजी, हे उठूनच नाही राह्यले," एवढंच बोलल्या... हॉलमध्ये तेव्हा नेमका त्याचाच ठोका वाजत होता.

त्या ठोक्याविषयीच लिहायचं आहे. बाकीचं छापून आलं आहे. आम्ही घाटंजीचे दोघं, तो कापूस पिकवणाऱ्या घरातला, मी कारकुनाचा मुलगा. लग्नांत डीजे वाजवता वाजवता कॉम्प्युटरवर स्वतःचं संगीत करू लागलो आणि जोडीला 'सरकी' नाव दिलं. पहिल्या अल्बमसाठी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे आवाज घेतले. त्याचे वडील ऐकून म्हणाले, "हे त मी दरसाल फुकटात ऐकतो बे. याचे पैसे कोन देते?" पुण्या-मुंबईतल्या लोकांनी दिले. मग आणखी अल्बम आले, सिनेमे आले, मोठाले मंच आले. ताल त्याचा, बाकी सगळं माझं, अशी वाटणी होती. आणि कुठलाही आवाज कानी पडला की आम्ही आधी एकच गोष्ट बघायचो, याचं गाणं होतं का.

गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "उजव्या कानात ढबढब वाजून राह्यलं. नाडीच्या संगं."

दुसरा कुणीही मित्र म्हणाला असता, डॉक्टरला दाखव. मी म्हणालो, "वाजवून दाखव."

त्यानं डोळे मिटले, पॅडवर बोटानं ठोके दिले आणि मी ते रेकॉर्ड केले. जरासा लंगडा ताल होता, मागून कुणी दबकत चालत यावं तसा. हाती जंगलात वाट चुकलेल्या माणसांचा सिनेमा होता आणि दिग्दर्शकाला भीती हवी होती. ती आमच्याकडे आयतीच चालून आली होती. त्या ठोक्यावर आम्ही सिनेमाचं गाणं बांधलं.

वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, यायले दवाखान्यात घेऊन जा. तुमचंच ऐकतेत हे." मी म्हणालो, कार्यक्रम आटोपले की जातो. कार्यक्रम आटोपत नव्हते. ते गाणं मंचावर वाजवताना कानाखाली मान दाबली की त्याच्या कानातला आवाज थांबायचा, म्हणून तो मान दाबायचा. समोरच्या पोरांना ती अदा वाटली. पुढच्या कार्यक्रमात सगळा हॉल मान दाबून डोलत होता. "पाय बे," तो माझ्या कानात म्हणाला, "आता साऱ्याइलेच झालं." आम्ही खूप हसलो.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी विचारलं, "एका कानात नाडीबरोबर आवाज येतो, असं कधी म्हणाले होते का? तो इशारा असू शकतो." वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं. तो इशारा माझ्याकडे स्वच्छ रेकॉर्ड केलेला होता.

सिनेमा अजून लागायचा आहे. मागच्या आठवड्यात घाटंजीला जाऊन मी वहिनींना त्या रेकॉर्डिंगचं, गाण्याचं सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "गाणं राहू द्या. त्यातून ह्यायचा कान काढा."

त्याच्या घरातल्या आमच्या कामाच्या खोलीत बसून मी त्याचा ठोका बंद केला आणि उरलेलं गाणं लावलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"बंद केला ना?"

"केला."

"मंग मले काहून ऐकू येऊन राह्यला?"

मलाही येत होता. माझा प्रत्येक सूर मी त्याच ठोक्यावर रेलून वाजवला होता. ठोका गेला तरी सूर तिथेच अडखळत होते, तिथेच दबकत होते...

सिनेमावाल्यांना गाणं देणार नाही म्हणून कळवलं. वहिनींनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच हातात ठेवली.