शिवरात्रीचे अक्रोड आणि समोरचं दार

दादरच्या मंडईत नवलकोल घेतले की भाजीवाली सवयीने पाला खुडायला लागते आणि मी तिला थांबवते.

"पाल्यासकट द्या."

ती मला चांगली ओळखते, तरी दर वेळी विचारते, "ससे पाळलेत काय ताई?"

माझ्या यादीत नवलकोल नेहमी शेवटी असतात. पाला पिशवीत सगळ्यात वर राहायला हवा. बटाट्यांखाली दबला की घरी पोचेपर्यंत काळा पडतो. घरी आल्यावर लगेच धुवायचा, देठ वेगळे करायचे. मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवायचं, त्यात हिंग, सुक्या लाल मिरच्या, पाणी आणि मीठ. उकळी फुटली की पानं अख्खीच टाकायची. वर झाकण ठेवायचं नाही, हिरवा रंग जातो. काश्मिरीत याला हाक म्हणतात आणि तो गरम भातावर पाण्यासकट घ्यायचा. माझा हाक चांगला होतो. वाटीभर जास्तच होतो, कारण समोर द्यायच्या हिशेबाने करायची माझी सवय सुटलेली नाही.

परळच्या आमच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं होती, आमचं आणि काकूंचं. दारं समोरासमोर, मध्ये एक सायकल उभी राहील एवढी जागा. काकू काश्मिरी पंडित. श्रीनगरचं घर सोडावं लागल्यावर काही वर्षं त्यांनी जम्मूत काढली, मग यजमानांची बँकेतली बदली मुंबईला झाली म्हणून त्या इथे आल्या. मी लग्न होऊन त्या इमारतीत गेले तेव्हा काकू मुरलेल्या परळकर झाल्या होत्या. टॅक्सीवाल्याशी मराठीत भांडायच्या आणि जिंकल्यावर काश्मिरीत काहीतरी पुटपुटायच्या.

त्यांचा स्वयंपाक आमच्या सासूबाईंच्या पचनी पडायला वेळ लागला. सासूबाई मालवणकडच्या. त्यांच्या लेखी मटण म्हणजे कांदा, लसूण आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप. काकूंच्या मटणात तिन्ही नसायचं. बडीशेपेची पूड, सुंठेची पूड, हिंग, दही, बस्स. जिन्यात बडीशेपेचा वास आला की सासूबाई म्हणायच्या, "हॉटेलातलां बिल इलां वाटता."

पण खरी गंमत माझ्या पहिल्या महाशिवरात्रीला झाली. आमच्याकडे साबुदाणा भिजलेला, रताळी उकडत ठेवलेली, सासूबाई सकाळपासून पाण्यावर. आणि अकराच्या सुमाराला समोरून मटणाचा वास. त्यामागून मासे तळल्याचा. सासूबाई तशाच उठल्या आणि काकूंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"शिवरात्रीक मटान कोण शिजयता गो?"

काकूंच्या हातात झारा होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, आज शंकराचं लग्न आहे ना? तुम्ही लग्नात पाहुण्यांना उपाशी ठेवता?"

सासूबाई परत येऊन रताळी सोलायला बसल्या. दुसऱ्या दिवशी उपास सोडल्यावर काकूंनी पाठवलेला डबा त्यांनीच उघडला, रस्सा चाखला आणि जाहीर केलं, "सोयरीक बरी आसा, पण पोरीकडच्यांनी खोबऱ्यात काटकसर केली."

काकूंच्या घरी शिवरात्र एका दिवसात संपायची नाही. पूजेच्या घड्यात अक्रोड भिजत घातलेले असायचे. अमावास्येला घडा समुद्रावर नेऊन त्यातल्या पाण्याचं विसर्जन करायचं, अक्रोड परत आणायचे आणि तांदळाच्या पिठाच्या रोट्यांबरोबर आपल्या माणसांना वाटायचे. त्या रोट्या पाहून सासूबाई म्हणाल्या, "ही आमचीच भाकरी, थंडीत जाऊन गोरी झाली."

घडा घेऊन गेलेला माणूस परत येतो तेव्हा दार बंद असतं. तो ठोठावतो. आतून विचारायचं, कोण आहे, काय आणलंस? बाहेरून सांगायचं, अन्न आणलंय, धन आणलंय, आरोग्य आणलंय. मग दार उघडायचं. काका होते तोवर ते दादर चौपाटीवर जायचे आणि काकू आतून विचारायच्या. काका गेले, मुलगा नोकरीसाठी आधीच नोएडाला गेलेला. त्या वर्षी काकू म्हणाल्या, "समुद्रावर मी जाईन. पण आतून विचारायला कोण?"

मी म्हटलं, "मी आहे की."

मी त्यांच्या घरात जाऊन बसले. हातासरशी त्यांच्या ओट्यावरचे डबे पुसून घेतले. टकटक झाली आणि मी ताडकन उठून दार उघडलं, इस्त्रीवाल्याला उघडते तसं. बाहेर काकू घडा कमरेवर घेऊन उभ्या. तोंड उघडंच राहिलेलं.

"अगं, उघडायचं नाही! आधी विचारायचं!"

"सॉरी, सॉरी. जा परत बाहेर."

"बाहेरच तर आहे मी!"

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. पुन्हा टकटक. मी घसा साफ करून विचारलं, "कोण आहे? काय आणलंत?" मला वाटलं हसू दाबतायत. मग आवाज आला, अन्न, धन, आरोग्य, एकेक सावकाश, आणि त्या हसत नव्हत्या. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी पदराने डोळे पुसले आणि मग माझ्या हातावर तीन अक्रोड ठेवले. पुढे दर वर्षी ते काम माझ्याकडेच होतं. मी ऑफिसातून अर्धा दिवस काढायचे. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहायचे.

दुपारी त्या भरतकाम करायच्या. हातात आरी, म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई, खालून लोकर वर ओढत साखळी टाका घालायच्या. चिनारची पानं, वेली, एक निळा पक्षी जो त्यांच्या आईच्या गादीपोशावर होता. नमुना कागदावर नसायचाच. मी विचारलं, विसरलात तर? "मग पक्षी उडाला म्हणायचं," त्या म्हणाल्या. मी शेजारी बसून पुढच्या आठवड्याचा बेत लिहायचे. फार बोलायचो असंही नाही. दोन्ही दारं उघडी, आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना मोजता यायच्या, आणि "तीन झाल्या, बंद कर" असं त्या बसल्या जागेवरून सांगायच्या.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही भोईवाड्यात भाड्याने राहायला गेलो, काकू नोएडाला मुलाकडे. जाताना आमचं ठरलं होतं: टॉवर झाला की परत यायचं, समोरासमोर. सासूबाई त्या भाड्याच्या घरातच वारल्या. काकू फोनवर म्हणाल्या, "आता माझ्या स्वयंपाकाला नावं कोण ठेवणार?" पहिल्या शिवरात्रीनंतर त्यांनी भिजलेले अक्रोड कुरियरने पाठवले. पोचले तेव्हा त्यांना बुरशी आली होती. मी खोटंच सांगितलं, मस्त होते. त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस, मलाही पाठवताना शंका होती."

नव्या घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा आम्हाला चौदावा मजला आला आणि त्यांना नववा. मी कामाला लागले. चौदाव्यावर आमच्यासमोर आलेल्या गृहस्थांना उंचीची भीती वाटते, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मग सोसायटी, बिल्डरचं ऑफिस, संमतीपत्रं, पुन्हा सोसायटी. आठवड्यातून दोनदा जायचे. बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा मला पाहून खुर्ची पुढे करायला लागला होता. अदलाबदल मंजूर झाली त्या संध्याकाळी मी काकूंना फोन केला.

"समोरासमोर, काकू. ठरलं होतं तसं."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"बेटा, मी तुला सांगणारच होते."

गुडघे. एकटीने चौदाव्या मजल्यावर राहणं. मुलाचं म्हणणं. सुनेला दुसरं बाळ होणार. सगळी कारणं खरी होती आणि मी एकेकाला उपाय सांगत गेले. कामवाली मी बघते. लिफ्ट दोन आहेत. फिजिओथेरपीवाला घरी येतो, ओळखीचा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"श्रीनगर सोडलं तेव्हा कुलूप घालून चावी पर्समध्ये घेऊन आले होते," त्या म्हणाल्या. "किती वर्षं ती चावी जपली. घर तिकडे दुसऱ्याचं झालं. या वेळी मी जिवंत असताना, माझ्या हाताने कुणाला तरी चावी देते. घेणारी माणसं चांगली आहेत, मुलाने पाहिलीत. माझ्या वतीने तू देशील?"

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं की मला करमत नाही, आणि ते फोनवर सांगता येईना.

ताबा द्यायच्या दिवशी मी लवकर गेले. रिकाम्या घरात सिमेंटचा आणि नव्या रंगाचा वास. व्हिडिओ कॉल लावला. काकू चष्मा लावून, केस विंचरून बसल्या होत्या.

"आधी स्वयंपाकघर दाखव."

दाखवलं.

"ओटा कुठवर येतो? तू उभी राहा शेजारी. हं. मला बरोबर झाला असता. खिडकी?"

"ही. पूर्वेची."

"वारा?"

"येतो. वरळीकडचा."

"पूर्वेच्या खिडकीतून वरळीचा वारा कसा येईल? खरं सांग."

"कमी येतो, काकू."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "खिडकीची उंची सांग." माझ्या पर्समध्ये टेप असतोच. मी मोजून सांगितली. त्यांनी बाजूला वाकून काहीतरी उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. पांढऱ्या जाड कापडावर लोकरीच्या वेली, अर्ध्यापर्यंत आलेल्या. पडदा होता. दोन वर्षं त्या यायचं म्हणून भरत होत्या आणि मला काही बोलल्या नव्हत्या.

"थोडा आखूड झाला असता," त्या म्हणाल्या. "नळ सोडून बघ. सगळे."

मी सगळे नळ सोडले. त्या पाण्याचा आवाज ऐकत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "छान घर आहे. दे त्यांना," आणि फोन ठेवला.

नवे मालक वेळेवर आले. तरुण जोडपं, बरोबर मुलीची आई. मी चाव्या मोजून दिल्या, पोच लिहून घेतली, वीजमीटर कुठे आहे ते दाखवलं. निघताना म्हटलं, "बाथरूमचा डावा नळ घट्ट आहे. बिल्डरकडून आताच बदलून घ्या, नंतर ते दाद देत नाहीत." मुलगी म्हणाली, "थँक यू काकू. तुम्ही कुठे राहता?"

"इथेच," मी म्हटलं, "समोर."