सतरा नंबरची बाई

आईच्या हातात त्यांनी पाटी दिली. शाळेतली दगडी पाटी, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूने मोठा आकडा काढलेला.

"छातीशी धर. अजून वर. हां, हनुवटीच्या खाली."

मोठे सर सांगत होते. आमच्या कॉलेजचे समाजशास्त्राचे विभागप्रमुख. आईला त्यांनी आमच्याच झोपडीच्या भिंतीला पाठ लावून उभी केली होती. चैत्रातलं ऊन. जमीन तापलेली. आईच्या पायात काही नव्हतं.

"पदर घे डोक्यावरून खाली. चेहरा नीट दिसायला हवा."

आईने माझ्याकडे पाहिलं. परक्या पुरुषासमोर तिने डोक्यावरचा पदर कधी काढला नव्हता. मी शेजारीच वही घेऊन उभी होते. परदेशी साहेबांचे प्रश्न मराठीत विचारायचे आणि उत्तरं इंग्रजीत सांगायची, हे माझं काम. मी मान खाली घातली. तिने पदर खांद्यावर घेतला.

मग हळूच विचारलं, "बाय, पाटीवर काय लिवलंय?"

"सतरा."

"सतरा म्हंजे?"

"सतरा म्हणजे तू."

कॅमेरा वाजला.

आमची वस्ती बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. गावाबाहेर. पूर्वी लोक तिला महारवाडा म्हणत. आम्ही दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, आणि वस्तीला बौद्धवाडी म्हणू लागलो. आम्हीच म्हणू लागलो. गाव जुनंच नाव घेत होतं. बाप अंबरनाथच्या कारखान्यात भट्टीवर होता. खोकत खोकत गेला. आई भाताच्या खाचरात राबायची, पावसाळा सरला की जंगलातून लाकडाची मोळी आणायची. मी मॅट्रिक झाले तेव्हा वस्तीतल्या बायकांनी मला ओवाळलं. त्यांच्यात कुणाला मॅट्रिक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण ओवाळलं.

कॉलेज होतं निर्वासितांच्या कँपात, उल्हासनगरला. लष्कराच्या जुन्या बराकी. एका बराकीत माणसं राहायची, शेजारच्या बराकीत आमचे वर्ग भरायचे. मधल्या भिंतीपलीकडे कुणाचं तरी मूल रडायचं, पापड लाटल्याचा आवाज यायचा. सिंध सोडून आलेल्या मास्तरांनी वर्गणी जमवून ते कॉलेज उभं केलं होतं. बाकं कमी होती, पुस्तकं त्याहून कमी. मी आनंदात होते. माझ्या बाकावर कमला बसायची. सिंधी मुलगी, राहायला त्याच कँपात. पहिल्या दिवशी ती सरकली आणि म्हणाली, "बैठ ना, खड़ी क्यों है?" माझी जात तिने विचारली नाही. नंतर तिला कळली, तरी ती शेजारून उठली नाही. हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या वर्षी गोरे सर आले. त्यांचं खरं नाव आम्हाला नीट म्हणता यायचं नाही, म्हणून गोरे सर. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात ते प्राध्यापक होते. नव्या स्वतंत्र देशातली गरीब कॉलेजं सावरावीत, तिथल्या शिक्षकांना हात द्यावा, म्हणून एक वर्ष बिनपगारी काम करायला आले होते. त्यांच्यासारखे आणखीही काही जण देशभर गेले होते म्हणे. गोरे सर बराकीतल्याच एका खोलीत राहिले. पुस्तकांच्या पेट्या त्यांनी स्वतः खांद्यावरून आत आणल्या. पंखा नव्हता, घामाने सदरा ओला व्हायचा, तरी शिकवताना बसायचे नाहीत. समाजशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला असं सगळे म्हणायचे. खरंच होतं ते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्यांनी वर्गाला निबंध लिहायला सांगितला. विषय, माझं गाव. मी वस्तीबद्दल लिहिलं. गावची विहीर आम्हाला बंद, म्हणून उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत खड्डा करतात आणि वाटीवाटीने पाणी झिरपायची वाट बघत बसतात. एवढंच लिहिलं होतं. मोडक्या इंग्रजीत. गोरे सरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज बदलला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझे शब्द मोठ्याने वाचत होतं. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

झालं. मोठ्या सरांनी मला खोलीत बोलावलं. नेहमी दारात उभी करायचे, त्या दिवशी खुर्ची दिली.

"अगं, हा अभ्यासाचा फार सुंदर विषय आहे. तुझ्या वस्तीची पाहणी करू. साहेब आहेत तोवर अहवाल झाला, तर आपला विभाग साऱ्या जगाला ठाऊक होईल. तू दुभाषी. तुझी माणसं तुझ्याशी मोकळं बोलतील."

तुझी माणसं. मला तेव्हा तो शब्द आवडला होता.

वस्तीत जाऊन मी सांगितलं, कॉलेजचे गुरुजी येणार, बाहेरदेशीचे साहेब येणार, आपली हालत लिहून नेणार. वस्तीतले म्हातारे धर्माबाबा, त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी एकच विचारलं, "इहीर व्हईल का गो त्याच्यातून?" मी म्हटलं, होईल बाबा. साहेब मोठे आहेत. होईल.

बायकांनी अंगणं सारवली. पोरांना अंघोळी घातल्या. त्या उन्हाळ्यात, पाणी नसताना, अंघोळी. आई पहाटे नदीवर गेली आणि वाळूतल्या खड्ड्यापाशी बसून राहिली. वरचं गढूळ पाणी काढून टाकलं, खालचं नितळ येईपर्यंत थांबली. तांब्या राखेने घासला. पाहुणे आले तेव्हा तिने तो गोरे सरांपुढे धरला.

गोरे सरांनी हात पुढे केला. मी पाहिलं ते. त्यांना प्यायचं होतं.

मोठे सर इंग्रजीत म्हणाले, "नको. यांचं पाणी घाण असतं. आजारी पडाल. थर्मासमधून चहा आणलाय आपण."

गोरे सरांचा हात थांबला. मग मागे गेला. ते आईकडे बघून हसले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"काय म्हनतात?" आईने विचारलं.

मी वहीचं पान उलटलं. तिला भाषांतराची गरज नव्हती. तिने तांब्या आत नेऊन ठेवला. पुन्हा बाहेर आली ती पाटी धरायला.

फोटो झाला, आणि प्रश्न सुरू झाले. नवरा आहे का. मुलं किती जगली, किती मेली. मी विचारत होते. माझ्या आईला मी विचारत होते, तुझी किती मुलं मेली. माझेच भाऊ ते. ती मला सांगत होती, जणू मला ठाऊक नाही. मी ते इंग्रजीत सांगितलं आणि एका विद्यार्थ्याने लिहून घेतलं.

"जात?"

"आमी बौद्ध हाव," आई म्हणाली. हे मात्र तिने जोरात सांगितलं. तेवढं एकच उत्तर मान वर करून.

मी सांगितलं, "बौद्ध."

मोठे सर हसले. लिहिणाऱ्याला म्हणाले, "महार लिही. यांनी देव बदलले म्हणून काय झालं!"

गोरे सरांनी विचारलं, काय झालं? मोठे सर म्हणाले, "विशेष काही नाही. बाईला नीट सांगता येत नाही."

मग त्यांना काहीतरी सुचलं. माझा दंड धरून त्यांनी मला आईशेजारी नेलं. पहिल्यांदाच त्यांचा हात मला लागला. कॅमेऱ्यासमोर विटाळ होत नसावा.

"असा एक काढा," ते गोरे सरांना इंग्रजीत म्हणाले. "एकाच घरातली दोन रूपं. ही कॉलेजात येण्याआधीची, आणि ही दोन वर्षांत आपण घडवलेली. विभागाला मदत कशाला हवी, ते हा फोटो सांगेल."

मी इस्त्रीची साडी नेसले होते. वेणी घातली होती. आई शेजारी उन्हात, डोकं उघडं, हातात पाटी. तिला वाटलं, लेकीबरोबर फोटो आहे. ती हसली. खरंच हसली.

ते हसू मला सहन झालं नाही.

मी तिच्या हातातून पाटी काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली. तिचा पदर तिच्या डोक्यावर दिला.  मग मी गोरे सरांना इंग्रजीत म्हणाले, "हिचं नाव तुळसाबाई आहे. ही तुमच्या विभागाच्या फोटोतली 'आधीची' बाई नाही. फोटो काढू नका."

मोठ्या सरांचा चेहरा लाल झाला. गोरे सर मात्र शांतपणे पुढे आले. खूप हळू, समजावून बोलले. म्हणाले, "नाव लिहीत नाही ते तुमच्याच भल्यासाठी. गावाने उद्या त्रास देऊ नये म्हणून. हे शास्त्र आहे. विद्यापीठ मजबूत झालं, तर ते उद्या तुमच्या लोकांना मजबूत करील. तू समजून घे."

त्यांचा त्यावर विश्वास होता. तेच भयंकर होतं. माझ्या आईला उन्हात उभी करून कुठलंसं विद्यापीठ मजबूत होणार होतं, आणि मग कधीतरी ते वळून आमच्याकडे बघणार होतं.

"नाही," मी म्हटलं.

मला वाटलं, वस्ती माझ्या मागे उभी राहील. धर्माबाबाच पुढे आले. माझ्यावरच ओरडले.

"इहीर व्हनार हाय, नि तू आडवी येतेस? शिकलीस म्हनून लय झालीस का गो?"

त्यांनी स्वतः जाऊन पाटी उचलली. पुसली. मोठ्या सरांपुढे धरली आणि म्हणाले, "लिवा साहेब, मी उभा ऱ्हातो." त्यांच्यामागे बाकीचे रांगेत लागले. मी आईला घेऊन आत गेले. बाहेर कॅमेरा वाजत राहिला.

आत आई म्हणाली, "फोटो चांगला आला असता ना गं दोघींचा?"



पुढच्या सोमवारी मोठ्या सरांनी बोलावलं. गोरे सरही खोलीत बसले होते.

"सगळ्या वर्गासमोर माफी माग. परदेशी पाहुण्यांसमोर तू कॉलेजचं नाक कापलंस."

मी म्हटलं, "आईची माफी कोण मागणार?"

"बाहेर हो."

मी गोरे सरांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मी इथे पाहुणा आहे. यात पडण्याचा मला अधिकार नाही." आईला उन्हात उभी करण्याचा होता. बोलायची वेळ आली तेव्हा पाहुणे झाले.

परीक्षेला बसू दिलं नाही. कारण सांगितलं, हजेरी भरत नाही. मी एक दिवस चुकले नव्हते. कुणाला सांगणार? हजेरी घेणारेही तेच, बघणारेही तेच. गोरे सर वर्ष संपवून परत गेले. स्टेशनवर हार घातले म्हणे. अहवाल छापून आला, विभागाला नवी खोली मिळाली. वस्तीला विहीर मिळाली नाही. पुढच्या चैत्रात आई पुन्हा वाळूत खड्डा करून बसली. धर्माबाबा त्याच उन्हाळ्यात वारले. शेवटपर्यंत रस्त्याकडे बघायचे, पाहणीवाले येतील म्हणून. मला बघितलं की तोंड फिरवायचे. त्यांच्या लेखी विहीर मीच घालवली होती.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले. पॅकिंगला. तिथे एका दुपारी जेवणाच्या सुटीत फाटकाशी कमला उभी दिसली. कॉलेजकडून आली होती.

"सुन," ती म्हणाली. "नया साहब आया है. दूसरे देश से. उसको भी बस्तियाँ देखनी हैं. मोठे सर बोलतात, तू परत ये. तेच काम कर, इंटरप्रिटरचं. परीक्षेला बसू देतील. लिखके देते हैं."

मी आत जायला वळले.

"देख, गुस्सा छोड़. हमारी दादी का भी फोटो लिया था ऐसे ही, जब कँप में नये आये थे. कतार में खड़ी करके. फोटो देने से क्या जाता है?"

"दादीने नंतर काही म्हटलं?"

कमला म्हणाली, "दादी उसके बाद बाहर नहीं निकली. बराक में ही रही. मरने तक."

 भोंगा झाला. आत जायची वेळ.

मला पदवी नको होती असं कुणी समजू नये. हवी होती. बापाने भट्टीपुढे छाती जाळली ती तिच्यासाठी. आजही स्वप्नात मी परीक्षेच्या बाकावर बसलेली असते. त्या फाटकाशी, त्या दुपारी, माझी पदवी कमलाच्या हातात होती. होय म्हटलं असतं तर मिळाली असती. आणि दुसऱ्या कुणाच्या तरी आईला मी विचारलं असतं, तुझी किती मुलं मेली.

"सांग त्यांना, येत नाही," मी म्हटलं.

"पागल है तू. दुसरं कुणीतरी जाईल. काम थांबणार नाही."

"थांबणार नाही, ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून होणार नाही."

कमला गेली. दुसरं कुणीतरी गेलं. काम थांबलं नाही. वस्त्या तशाच आहेत, अहवाल वाढले आहेत. मी कुणाला वाचवलं नाही, माझं स्वतःचंही काही झालं नाही. पण आमच्या वस्तीच्या वाटेवर पहिलं घर माझं आहे. वही घेऊन कुणी आलं की मी बाहेर येते, वाटेत उभी राहते. ते चांगले असोत, वाईट असोत, देशी असोत की परदेशी. आधी त्यांना विचारते, तुमच्या आईला कुणी असं उभं केलं होतं का? ते वाट मागतात. मी बाजूला होत नाही.

होणारही नाही.