गुरुवारचा इस्त्रीचा शर्ट

कैलाशनं भंडाऱ्याला बाई ठेवली आहे, हे चिखला गावात सगळ्यात आधी आनंदरावला कळलं.

आनंदरावचा पानठेला खाणीच्या फाटकासमोर आहे. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता तो बातमीही घोटतो. एका गालात खर्रा, हनुवटी आभाळाकडे, डोळे अर्धे मिटलेले, आणि खास शब्द आला की आधी थुंकायचं, मग शब्द सोडायचा. "गुरुवार आला का पठ्ठ्या पयल्या बसनं भंडारा. इस्त्रीचा शर्ट. अंगाले पावडर. अन् बसस्टँडवर संगं कोण होती?" थू. "बाई!"

यात खऱ्या तीनच गोष्टी: गुरुवार, बस आणि इस्त्री. पावडर आनंदरावनं पदरची लावली. बाई होती म्हणायला, पण ती शुभांगी मॅडम. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या खोलीत बसून लोकांशी बोलायचं, हे त्यांचं काम. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे. त्या दिवशी कैलाशनं त्यांची पिशवी बसपर्यंत नेऊन दिली होती, एवढीच काय ती प्रेमकहाणी.

कैलाश खाणीत टेकू लावतो. जमिनीखाली पाळी सुरू होण्याआधी तो पुढे जातो आणि लोखंडी सब्बलीनं छत ठोकून पाहतो. धड छत 'टण' बोलतं. आतून सुटलेलं छत 'भद' बोलतं. 'भद' ऐकलं की कैलाश हात वर करतो. मग कितीही मोठा मिशीवाला असो, गुपचूप मागे सरतो. लाकडाचा टेकू लागतो आणि त्यानंतरच काम सुरू होतं. यावर आजवर कोणी हसलेलं नाही.

मागच्या धानकापणीच्या दिवसांत कैलाशच्याच आतून तसा आवाज यायला लागला. झालं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत! कोणी मेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. पण खाली नेणाऱ्या पिंजऱ्याचं दार लागलं की छातीत ढोल वाजायचा, हात गार पडायचे. घरी ताट पुढ्यात आणि घास गिळवत नाही. एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो रडायला लागला आणि नाडी तशीच राहिली.

सोबत्यांना कळलं, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या पदवीप्रमाणे इलाज सांगितला. एक म्हणाला, "काय कमी आहे बे तुले? पर्मनंट नोकरी, क्वार्टर, शिकती लेकरं. उगाच नखरे." दुसरा म्हणाला, "संध्याकाळच्याले दोन घोट मारत जा, सारं उतरते." तिसऱ्यानं सरळ हात जोडून सांगितलं, "बाहेरचं असंल. उतरवून घे." आणि चौथा काहीच बोलला नाही. त्यानं फक्त पोरीसारखे हुंदके काढून दाखवले, आणि फाटकावर सगळे खिदळले. कैलाशही हसला. हसला नसता तर उद्या परत तेच केलं असतं ना त्यांनी! घरी येऊन त्यानं जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं.

रितानं, त्याच्या बायकोनं, वरण पुसून काढलं आणि दुसऱ्या दिवशी गावात सरकारी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला गाठलं. भंडाऱ्याचा दवाखाना, गुरुवार, केसपेपर कुठं काढायचा, सगळं विचारून आली. बुधवारी शर्टाला इस्त्री केली. कैलाश म्हणाला, "इस्त्री कायले? लगनात जाऊन राहिलो का मी?" ती म्हणाली, "दवाखान्यात जाऊन राहिले, चोरी कराले नाही. माणसासारखे दिसा." त्यावर त्यानं तिला लेकरांची शपथ घातली: हे कोणाला सांगायचं नाही. माहेरीसुद्धा नाही.

मग आनंदरावची बातमी फिरली. आणि इथे कैलाशनं ती चूक केली, जी त्या फाटकावर उभा राहणारा एकूण एक माणूस करेल. त्यानं बातमी खोडलीच नाही. का खोडेल? लोक त्याच्याकडे पाहून डोळे मिचकावायला लागले. "छुपा रुस्तम निघाला बे तू!" काल हुंदके काढून दाखवणारा आज त्याला फुकट खर्रा देऊ लागला. बाई ठेवली तर मर्द, आणि गोळी घेतली तर मेंटल, असा तिथला भाव. कैलाशनं एकदोनदा मिशीवरून बोटंही फिरवली म्हणे.

त्याची किंमत रिता भरत होती, नळावर. घागर लावली की बायका बोलायच्या थांबायच्या, आणि कीव म्हणजे काय हे त्यांच्या माना सांगायच्या. एका शब्दात तिनं सगळ्यांची तोंडं बंद केली असती. पण शपथ घातलेली. ती घागर भरायची आणि दात आवळून परतायची. एका संध्याकाळी मात्र ती कैलाशला म्हणाली, "तुमच्या डोक्याचं मले ओझं नाही वाटत. त्या बाईचं वाटते, जे नाहीच आहे."

बातमी चालत चालत रिताच्या माहेरी, दिघोरीला पोचली आणि तिचा मोठा भाऊ तुलाराम चिखल्यात येऊन धडकला. क्वार्टरासमोर, कडुनिंबाखाली खाटा टाकल्या. खाणीतले चारपाच जण जमले, आनंदराव ठेला सोडून साक्षीला आला. तुलाराम शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, माइक धरणारा माणूस. घरगुती बोलतानाही बैलजोडी सुटल्यासारखा शेवटचा शब्द ताणतो.

"हे पाहा जवाईबापूऊऊ," तो म्हणाला. "पुरुषाची जात आहे. होते चूक. आमी का समजत नाही? ते बाई सोडा, चार माणसांत शब्द द्या, आमी चहा पिऊन जातोओओ. नाही त मंग रिताले नेतो."

माना डोलल्या. किती सोपं! 'सोडली' म्हणायचं, बस. जी धरलीच नव्हती ती सोडायची. कैलाशच्या ओठांवर शब्द आलासुद्धा. त्यानं दाराकडे पाहिलं. रिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि कपांकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही.

"बाई नाही आहे," कैलाश म्हणाला. "डॉक्टर आहे. डोक्याचा. पिंजऱ्यात पाय टाकाचं भेव लागते मले. रडू येते. गोळ्या चालू आहेत."

तुलारामचा आवाज पहिल्यांदा ताणायचा विसरला. "मेंटल?" तो खाटेवरून उठला. "हे लपवून ठेवलं आमच्यापासून? रिता, कपडे भर."

"बसा खाली!"

कैलाशचा असा आवाज कॉलनीनं कधी ऐकला नव्हता. कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"बाई असती त चहा, अन् डॉक्टर आहे त काडीमोड? हा कोणता न्याय आहे, तुलारामभाऊ? खोटं बोललो असतो त जवाईबापू. खरं बोललो त मेंटल!" मग तो सोबत्यांकडे वळला. "अन् तुमी बे! खाली मी रोज छत ठोकतो. भद आवाज आला त छताले म्हणता का, मर्द बन? दोन घोट मार? काय कमी आहे तुले? पाय लावून मांगं पळता! 'कैलाश, टेकू लाव, कैलाश, टेकू लाव!' मंग माह्या छातीतून भद आवाज आला, तवा हसू काहून आलं तुमाले? दगडाले टेकू पायजे अन् माणसाले नको?"

आनंदरावच्या गालात थुंकी साचली होती, पण थुंकायची हिंमत झाली नाही. गिळली बिचाऱ्यानं.

रितानं ट्रे खाटेवर आपटला. "मी नाही येत, दादा. बाईसोबत ठेवून जात होता मले. डॉक्टरसोबत ठेवाले का झालं? चहा घे, थंडा होऊन राहिला."

तुलारामनं चहा घेतला नाही. दुपारच्या बसनं तो परत गेला. रिता राहिली.

दुसऱ्या दिवशी कैलाश पानठेल्यावर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुवारी पयल्या बसनं जाऊन राहिलो. ज्याले झोप लागत नाही, ज्याच्या छातीत ढोल वाजते, त्यानं संगं यावं. अन् उघड्यानं यावं, लपून नाही." फाटकावर दोघं हसले, पण जरा सांभाळूनच.

मी त्याच्या शेजारच्या क्वार्टरातली, खुशबू. कुंपणावरून आनंदरावची नक्कल करून रितावैनीला हसवते. मी म्हटलं, "कैलाशभाऊ, एकही येणार नाही. लावता पैज? मी जितली त हप्ताभर आमचं पाणी तुमी भराचं."

"अन् मी जितलो," तो म्हणाला, "त आनंदरावची नक्कल आनंदरावच्या तोंडासमोर कराची."

गुरुवारी मी घागरी धुऊन रांगेत मांडल्या आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. कैलाशभाऊ इस्त्रीच्या शर्टात, एकटा. बस आली, मी टाळी वाजवायला हात उचलले, आणि तेवढ्यात बंद ठेल्याच्या मागून आनंदराव आला. इस्त्रीचा शर्ट. गाल रिकामा. पावडर नाही. "सरक बे जरा," एवढंच म्हणून तो बसमध्ये चढला. हुंदके काढून दाखवणारा लगेच शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "यानंही ठेवली वाटते!"

संध्याकाळी मी ठेल्यासमोर उभी. एकदा हनुवटी वर गेली की मला आवरत नाही. गाल फुगवला, डोळे अर्धे मिटले. "गुरुवार आला का पठ्ठ्या पयल्या बसनं भंडारा. इस्त्रीचा शर्ट. अंगाले पावडर..."

आनंदराव हसला नाही. खर्रा घोटायचा हात थांबवून माझ्याकडे पाहत राहिला. "असाच बोलत होतो का वो मी?"

मी कैलाशभाऊकडे पाहिलं. तो पैज वसूल करायला बाजूलाच उभा होता.

"थुंकाचं राहिलं, खुशबू," तो म्हणाला. "पैज म्हणजे पैज."