कॅलेंडरमागचा पाय

“पेन्सिल आत घेतलीस तू, आई. सरळ उभी धरायची असते. तू तिरपी धरलीस, म्हणून माप कमी आलं.”

“उभीच धरली हुती. तुझ्या बापानंच मधी पाय उचलला आसंल.”

“मी कशाला उचलू?” सूर्यभान म्हणाला. “चेन लागत न्हाई, एवढंच झालंय. त्यात भांडायचं काय?”

“एवढंच कसं, अण्णा? दुसरा जोड आहे हा. पहिला जूनमध्ये घेतला, तो ऑगस्टमध्ये होत नाही. हा त्याच्याहून रुंद मागवला, तर हा पहिल्याच दिवशी होत नाही. परत पाठवताना कारण काय लिहू? हत्तीसाठी मागवले होते?”

“हत्ती अनवानीच फिरतो,” खाटेच्या टोकाला लसूण सोलत बसलेली सूर्यभानची आई रंगुबाई म्हणाली. “त्याला कुनी बूट आनून देत न्हाई, म्हनून तो सुखी हाय.”

रविवारचे साडेअकरा वाजले होते. पडवीत बुटांचं खोकं उघडं पडलं होतं. सूर्यभान खाटेवर बसला होता आणि त्याचा उजवा पाय नव्या काळ्या बुटात अर्धवट अडकला होता. बाजूची चेन घोट्याच्या जरा वर येऊन थांबली होती. कल्याण, त्याचा मुलगा, सुप्याच्या एका कंपनीत कामाला होता आणि दर रविवारी घरी यायचा. तो जमिनीवर बसून ती चेन ओढत होता. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. अंगणातल्या चिखलात मोटरसायकल उभी होती आणि तिच्या मागच्या सीटला रेतनाच्या कांड्या ठेवायचा नायट्रोजनचा डबा बांधलेला होता.

गेली सव्वीस वर्षं सूर्यभान नेवाशाच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत गाई भरवायचं काम करत होता. पदवी नव्हती, कृत्रिम रेतनाचा कोर्स केलेला होता, पण लोक त्याला डॉक्टरच म्हणत. गाय माजावर आली की मालकाचा फोन यायचा, आणि त्यानंतर फार तर अर्धा दिवस हातात असायचा. पाऊस उघडायची वाट बघता येत नसे. काळ्या रानातल्या वाटा, वस्त्यांवरचे गोठे, घोट्याएवढं शेण आणि मूत, आणि दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर गाडी. हे त्याला आवडायचं. घरी बसलेला सूर्यभान कुणाला आठवत नसे.

त्याची एक पद्धत सगळ्या गावांना ठाऊक होती. जनावर तपासून झालं की तो लगेच काही बोलत नसे. बादली मागायचा. कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचा, खांद्यावरच्या स्वतःच्या टॉवेलनं कोरडे करायचा, आणि मग एका वाक्यात काय ते सांगायचा. ‘गाभन हाय.’ किंवा, ‘हिच्यावर आता खर्च करू नका.’ मालकीण डोळ्याला पदर लावायची, मालक पुन्हा पुन्हा विचारायचा, पण सूर्यभान दुसरं वाक्य बोलायचा नाही. गाडीला किक मारून निघून जायचा.

पाय त्याचे आधीपासूनच रुंद. रंगुबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, तेव्हा बारा वर्षांचा होईपर्यंत तो फडात अनवाणी वावरला. पंजा पसरला तो पसरलाच. लग्नात बायकोच्या, म्हणजे मुक्ताबाईच्या बहिणींनी त्याचे बूट लपवले, तर त्यानं ते परत मागितलेच नाहीत. “ठेवा तुमच्याकडंच,” म्हणाला आणि मोकळ्या पायांनी जेवायला बसला. ही गोष्ट माहेरी अजून सांगतात.

पावसाळ्यात तो गमबूट घालायचा. गमबुटाचा तळ जाड, त्यामुळं गिअर पडला की नाही ते पायाला कळायचं नाही. वरून शिरलेलं पाणी दिवसभर आतच राहायचं आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. मागच्या वर्षी कालव्याच्या उतारावर गमबूट गिअरखाली अडकला, गाडी घसरली, आणि गुडघा नि कंबर कायमची धरली. तेव्हा कल्याणनं ठरवलं, की अण्णांना आता गाडीवर घालायचे खरे बूट घ्यायचे, आत पाणी न जाणारे.

जूनमध्ये बापलेक नगरच्या दुकानात गेले. नऊ नंबर लांबीला बरोबर, पण पंजा शिरेना. दहाचं तेच. अकरात पंजा मावला, पण पुढं दोन बोटं टोक रिकामं राहिलं आणि ते गिअरखाली घालता-काढता येईना. दुकानदार समजूतदार होता. म्हणाला, नंबर वाढवून रुंदी मिळत नसते. रुंद पंजाचे बूट वेगळे येतात, ते मागवा. कागदावर पाय ठेवून भोवती रेघ मारा. जाड मोजे घालून मारा, आणि संध्याकाळी मारा, दिवसभरात पाय थोडा फुगतोच.

त्या संध्याकाळी मुक्ताबाईनं खताच्या दुकानाच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवऱ्याचा पाय काढला. बूट आले ते मापून शिवल्यासारखे बसले. सूर्यभान ते घालून गुरांच्या हौदाजवळच्या डबक्यात दहा मिनिटं उभा राहिला. मग मोजा काढून त्यानं तो घरातल्या प्रत्येकाला हात लावून बघायला लावला. कोरडा. रंगुबाईनंही बघितला, नाक मुरडून.

तीन आठवडे बरे गेले. जुलैत त्यानं जाड मोजे सोडून पातळ घातले. मग आतलं गादीसारखं पान काढून टाकलं. मग नेवाशाला एकाकडं देऊन बूट साच्यावर ताणून आणले. घरी आल्यावर बूट ओढून काढायला मुक्ताबाई लागायची. पायावर मोज्याच्या काठाचा खोल वळ असायचा. “संध्याकाळचा पाय हाय,” तो म्हणायचा. “दुकानदार म्हनला न्हवता का?”

आता कल्याणनं हात टेकले. त्यानं बूट काढून खोक्यात टाकला. “आई, ते पान आण. आहे ना?”

मुक्ताबाईनं देवळीतून गुंडाळी काढली आणि फरशीवर पसरली. “ह्या पानावरच परत काढते. तू बस समोर. पेन्सिल कशी धरते ती बघ, म्हंजे तुझं समाधान हुईल.”

“मोजा घाला अण्णा.”

“मोजा चढत न्हाई आता,” सूर्यभान म्हणाला. “अनवानीच काढ.”

तिनं त्याची टाच जुन्या टाचेवर ठेवली. पाय हलू नये म्हणून डाव्या हातानं पावलावर दाब देऊन धरला आणि उजव्या हातानं रेघ मारत निघाली. पेन्सिल उभी होती. कल्याण बघत होता. करंगळीच्या बाजूला जुनी रेघ दिसलीच नाही, ती पायाखाली गेली होती. अंगठ्याच्या बाजूलाही तसंच. टाचेच्या दोन्ही अंगांना नवी रेघ जुनीच्या बाहेरून गेली.

सूर्यभाननं पाय उचलला. कागदावर एका पायाच्या पोटात दुसरा पाय दिसत होता. कल्याणनं पट्टी लावली.

“दीड सेंटीमीटर,” तो म्हणाला. “पंजाला. आणि टाचेला एक.”

“मंग? काढली का न्हाई उभी?” मुक्ताबाई म्हणाली.

“पण आई, जूनमध्ये संध्याकाळ होती. जाड मोजा होता. आत्ता सकाळ आहे, मोजा नाही.”

“अंग भरलंय त्याचं,” रंगुबाई म्हणाली. “तोंड बघ की. गाल कसे वर आल्यात. उन्हाळ्यात नुसता काटकुळा दिसत हुता.”

मुक्ताबाई कागदाकडं बघतच नव्हती. ती पायाकडं बघत होती. तिनं हात काढून घेतला होता, तरी पावलावर तिची चार बोटं तशीच उमटून होती. अंगठा होता तिथं हरभरा मावेल एवढा खळगा पडला होता. तिनं वाट बघितली. खळगा भरून येईना.

असा खळगा तिनं एकदा बघितला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या जर्सी गाईच्या गळ्याखाली पाणी उतरलं होतं. सूर्यभाननं त्या सुजेत अंगठा दाबला, मनात दहा मोजले आणि काढला. खळगा राहिला. त्यानं हात धुतले आणि घरच्या गाईलाही तेच एक वाक्य सांगितलं होतं. गाय नवव्या दिवशी गेली.

तिनं वर बघितलं. सूर्यभानही पायाकडंच बघत होता.

त्यानं पाय खाटेवर घेतला. नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. ओठ हलत होते, तो मोजत होता. अंगठा काढला. मग वर चार बोटं सोडून पुन्हा दाबला. मग गुडघ्याच्या खाली. मग दुसरा पाय घेतला. रंगुबाईचं लसूण सोलणं तेवढं चालू होतं.

“जूनपासून किती झाली?” त्यानं मुक्ताबाईला विचारलं.

“काय?”

“इंजेक्शनं.”

कल्याणनं पट्टी खाली ठेवली. “कसली इंजेक्शनं?”

मुक्ताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “कंबरंची, दुखनं थांबायची. आधी आठवड्याला एक. मंग दोन. ह्या पंधरवड्यात रोजच.”

“कुठल्या डॉक्टरची?”

“ह्यांच्याच बॅगंतली.”

“जनावरांची?” कल्याणचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “आणि टोचत कोण होतं?”

“मी. आनखी कोन? ह्यांचा हात मागं पुरत न्हाई. सुई कशी धरायची ते त्यांनीच शिकिवलं. म्हनले, पाऊन क्विंटलच्या कालवडीला जेवढं लागतं तेवढं भर, मी तेवढाच हाय. टोचलं की तासाभरात उठून गाडीवर बसायचे. न्हाई टोचलं तर वाकता यायचं न्हाई. फोन तर येतच हुते. मी काय करायचं हुतं?”

“दवाखान्यात न्यायचं होतं.”

“तू नेनार हुतास? रविवारी येतोस, बुटाचं माप बघतोस, सोमवारी जातोस.”

सूर्यभाननं दोघांकडंही बघितलं नाही.

“कालवडीला मी तीन दिसांच्या वर देत न्हाई,” तो म्हणाला. आवाज साधा होता, कुणाला कोर्समधलं सांगावं तसा. “लोक मागत्यात. मी न्हाई म्हनतो. पाच दिस दिलं की मूत्रपिंड धरतं. मंग पानी उतरायला लागतं अंगात.”

“धरतं म्हंजे? सुटतं ना पुन्यांदा?” मुक्ताबाईनं विचारलं.

त्यानं पाय खाटेवरून खाली सोडला.

“लघवी कमी झाली हुती तुमची,” ती हळूच म्हणाली. “आन् फेस यायचा. मी म्हनले हुते.”

“म्हनली हुतीस.”

“तुमी म्हनला, पावसात तहान लागत न्हाई, म्हनून.”

रंगुबाईनं लसणाची सुपली बाजूला ठेवली. सगळं तिला ऐकू आलं नव्हतं, पण नातवाचं तोंड दिसत होतं. “काय झालं रे? बूट न्हाई बसत तर न्हाई बसत. ह्याच्या बापाचा पाय बी असाच हुता. आमच्यात समद्यांचाच रुंद हाय.”

“व्हय, आई,” सूर्यभान म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वस्तीवरच्या बन्सीचा होता. त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, कारण बहुतेक वेळा हात घाणीत असत.

“डॉक्टर, मोठी गाय पहाटंपासून हंबरतीया. माजाचा सोट बी दिसतोय. कवा येताय?”

“गोरक्षला बोलव,” सूर्यभान म्हणाला. गोरक्ष पलीकडच्या गावात हेच काम करायचा. सूर्यभान त्याला नाव ठेवायची एकही संधी सोडत नसे.

“गोरक्षला?” बन्सी हसला. “त्याच्या हातानं गाभन ऱ्हाती का कुठली? तुमीच म्हनता. पावसाचं म्हनाल तर वाटंवर मुरूम टाकलाय. आन् नवीन बूट घेतलेत म्हनं.”

“गोरक्षला बोलव. सांजच्या आत बोलव, माज जाईल.”

त्यानं फोन बंद करून खाटेवर ठेवला, पालथा. मग उठला. उभं राहताना त्यानं खाटेच्या पायाचा आधार घेतला. इतके दिवस हे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. तो पडवीच्या कडेला गेला. तिथं पन्हाळीखाली पाण्यानं भरलेली बादली होती. साबणाची वडी कोनाड्यातून काढली आणि त्यानं हात धुवायला सुरुवात केली. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. साबण दोनदा लावला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

मुक्ताबाई खांबाला धरून उभी राहिली. तिला त्या धुण्याचा अर्थ माहीत होता. गावोगावच्या बायकांना माहीत होता. तिला वाटलं, आता मधेच काहीतरी बोलावं, चहाचं विचारावं, म्हणजे ते एक वाक्य यायचं नाही. ती खांबालाच धरून राहिली. कल्याणनं कॅलेंडरचं पान गुंडाळायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

सूर्यभाननं खांद्यावरचा टॉवेल काढला. एकेक बोट कोरडं केलं. टॉवेल झटकून परत खांद्यावर टाकला आणि तो तिघांकडं वळला.

“उद्या सकाळच्या एस्टीनं मी नगरच्या मोठ्या दवाखान्यात जानार, डबा आन् बॅग आजच गोरक्षच्या घरी पोचवा, आन् ते बूट परत पाठवा.”