कापलेला कोपरा

छातीचा एक्स-रे फोटो स्वतःचा स्वतः काढता येत नाही. बटण खोलीबाहेर असतं. कुंभकोणमच्या एका लहानशा तपासणी केंद्रात सव्वीस वर्षं लोकांच्या छात्या फळीला टेकवणाऱ्या चंद्रमौलीला हे ठाऊक होतंच. फक्त आपल्यावर कधी वेळ आली नव्हती. आता तीन आठवडे खोकला हटत नव्हता, आणि दहा दिवसांनी मुलगी श्रीविद्या दोन महिन्यांची लेक घेऊन बंगळुरूहून यायची होती. क्षय निघाला, तर तिला येऊ देता येणार नव्हतं.

दुपारच्या पाळीची सौंदर्या बटणापाशी गेली. चंद्रमौली फळीवर हनुवटी टेकून उभा राहिला. सूचना काही ऐकू येईना. मग सवयीने त्यानेच खणखणीत आवाजात म्हटलं, "मूच्च इळुत्तु पिडिंग!" श्वास घ्या आणि धरून ठेवा. नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. बोलण्यात श्वास सुटला, छाती हलली, फोटो पुसट आला.

"सार, पेशंट असा बोलला असता तर तुम्ही त्याची सालं काढली असती," सौंदर्या तमिळमध्ये म्हणाली. "पुन्हा उभे राहा. आणि तोंड बंद!"

दुसरा फोटो स्वच्छ आला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला रुपयाएवढा पांढुरका डाग होता. सौंदर्याचं हसू मावळलं.

डॉक्टर हरिकृष्ण बराच वेळ पडद्याकडे बघत होते. "जुना व्रण असेल, नाहीतर चालू रोग. फोटोत डाग दिसतो मौली, डागाचं वय दिसत नाही. तुमचा आधीचा एखादा फोटो आहे का? त्यातही हा असला तर जरा हायसं वाटेल. थुंकी मात्र आजच देऊन जा."

फोटो होता. शिकाऊ असताना सरावासाठी एकमेकांचे काढलेले, त्यातला एक. बायकोने, भारतीने, तो साड्यांच्या कपाटात जपला होता. ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या तंजावरी मराठी कुटुंबाच्या तिरुविडैमरुदूरच्या घरात मराठी उरली ती मुलीच्या फोनपुरती.

संध्याकाळी त्याने साड्यांखालून पाकीट काढलं आणि फिल्म दिव्यासमोर धरली. फासळ्या होत्या, हृदय होतं, डावं फुफ्फुस पुरतं होतं. उजव्याचं वरचं टोक नव्हतं. तिथे कात्रीने नीट कापलेला चौकोन होता.

मग त्याला डिसेंबरातलं ते सूर्यग्रहण आठवलं. गच्चीवर फिल्मचा तुकडा डोळ्यांपुढे धरून भारती ओरडली होती, "अहो, हें बघा, खोबऱ्याची कातळी झाली सूर्याची!" तुकडा कुठला, हे त्याने तेव्हा विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी थुंकीचा अहवाल आला. जंतू सापडले होते.

"अप्पा, तिकीट काढलं हां," श्रीविद्या फोनवर म्हणाली.

"रद्द कर. क्षय आहे मला. औषध सुरू केलंय. दोन महिन्यांनी पुन्हा तपासतील, मग बघूं."

तिने विचारलं, "डबा कोण करतं?"

"मीच."

"मग हिचा आवाज तरी ऐका." तिने फोन बाळाच्या तोंडाशी धरला.

खोकल्याची उबळ वर आली. चंद्रमौलीने हनुवटी उचलली, श्वास आत ओढला आणि धरला. या खेपेला तो बोलला नाही. पलीकडे बाळाचे हुंकार चालू होते, तोवर त्याने श्वास सोडला नाही.