चवीची वही

मुलीचा दाखला घ्यायला प्राथमिक शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर त्यांचा बदलीचा अर्ज होता. सगळा भरलेला, फक्त सही बाकी. कारण लिहिलं होतं, घर चौतीस किलोमीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे अडुसष्ट. मनात म्हटलं, सही करायलाच हवी.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी खिचडीची वाटी घेऊन आल्या. मुलांआधी मुख्याध्यापकांनी चव घेऊन वहीत नोंदवायची, असा नियम आहे.

"मीठ कमी आहे, मावशी."

"लिहा की मग! तुमच्या जागी नवे साहेब आले की एवढ्या चुका नाही काढायचे."

"आणि पहिलीतल्यांना तिखट सोसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?"

"तेच तर म्हणते मी!"

बाईंनी 'मीठ कमी होते, घातले' असं लिहून सही केली. मी मागची पानं चाळली. नुसतं 'चांगली' कुठेच नव्हतं. एका दिवशी 'मटकी कच्ची', दुसऱ्या दिवशी 'मुलांनी दोनदा मागितली'. माणूस कामात किती रमलाय, हे मला किलोमीटरपेक्षा त्या वहीत नेमकं दिसलं.

"अर्जावर सही राहिली, बाई," निघताना मी म्हणालो.

"उद्या वाटाण्याची उसळ आहे," त्या म्हणाल्या, "तेवढी चाखते, मग बघू."